राघूचं आंदण

राघूचं नाक बघायला माणसं लांबून यायची. देवाला जावं तशी यायची आणि दोन पावलं मागंच उभी राहून बघत राहायची. नाक होतंच तसं. कपाळापासून निघालेली कमान ओठांपर्यंत अशी बाकदार उतरली होती, की समोरून मेंढा न दिसता पोपटच दिसावा. म्हणून त्याचं नाव राघू. खरसुळ्याच्या बिराप्पा गडदेचा राघू. शिंगं नाहीत, पांढऱ्या अंगावर दोन तांबडे पट्टे, आणि वागणं लाडावलेल्या जावयाचं. पुढ्यात आणून दिल्याशिवाय खायचा नाही, नावानं हाक मारल्याशिवाय उठायचा नाही.

बिराप्पा साठी उलटलेला, बोलायला फटकळ, पण राघूपुढं पार पाघळायचा. कुणी मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला की लगेच विचारायचा, "हात धुतलाईस का?" लोक हसायचे. त्याची मुलगी मायाक्का मात्र हसायची नाही. राघूची आई वितानाच मेली, तेव्हा ते ओलं कोकरू पदरात घेऊन त्याला बाटलीनं दूध पाजलं ते मायाक्काच्या आईनं, हौसाबाईनं. हौसा त्या वेळी स्वतःच अंथरुणाला खिळली होती. ती घोटभर पेज प्यायची आणि शेजारी कोकरू घटाघटा दूध प्यायचं. ते वर्षाचं झालं आणि ती गेली. तेव्हापासून बिराप्पाचा जीव त्या मेंढ्यात अडकला होता.

हौसा ही बिराप्पाच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांच्यात रीतच तशी. मायाक्काच्या आधी तिला दोन लेकरं झाली, ती राहिली नाहीत. एक पाळण्यातच गेलं, दुसरं उभं राहायला शिकलंच नाही. बिरोबाला नवस झाले, अंगारे झाले, आणि मग मायाक्का जगली. आता तिचंही ठरलं होतं. बिराप्पाची धाकटी बहीण कोंडाबाई लांब सोनकट्टीला दिली होती. तिच्या मुलाशी, हणमंताशी. पाळण्यातच ठरलेलं लग्न म्हटल्यावर पोरं कुरकुर करतात, पण इथं तसं काही नव्हतं. हणमंता चाऱ्याचा टेंपो घेऊन आला की मायाक्काला चहात साखर किती घातली याचं भान राहायचं नाही. बिराप्पा तो गोड पाक मुकाट पिऊन टाकायचा.

ही गोष्ट आपल्या काळाच्या जराशी पुढची. मेंढरांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे पट्टे आले होते. लांडग्याचा सुगावा लागला की माळावर ड्रोन घिरट्या घालायचा. पण मेंढपाळाचा हट्ट होता तिथंच होता: मेंढा पारखायचा तो नाकावरून. मेंढपाळांच्या संस्थेनं राघूचं बीज गोठवून, बारीक नळ्यांत भरून गावोगाव पाठवलं, तेव्हापासून दुसऱ्या मेंढ्याचं कुणी नावच घेईना. शेकडो कळपांना एकच बाप, आणि पुढं त्याच्या लेकींनाही पुन्हा त्याचंच बीज. जिकडं जावं तिकडं राघूचीच नाकं. बिराप्पाला वाटायचं, हौसाचं लेकरू घरोघर नांदतंय.

आणि मग कोकरं उपाशी मरायला लागली.

सुरुवातीला एखाददुसरं मेलं, कुणी मनावर घेतलं नाही. मग प्रत्येक गावात तोच प्रकार. कोकरू जन्मायचं धडधाकट, नाक वडिलांसारखं, पण खालचा जबडा आखूड. आईच्या सडाला तोंड लावायचं आणि पकड बसायची नाही. दूध ओठांवरून ओघळून जायचं. एखादं वाटी-बाटलीवर जगलंच, तर पुढं चरताना अडायचं. मेंढीला पुढचे वरचे दात नसतात. खालचे दात वरच्या कडक हिरडीवर टेकले की गवत तुटतं. या कोकरांचे दात टेकायचेच नाहीत. भरल्या माळावर तोंड हलवत ती वाळत जायची. कुणी लशीला बोल लावला, कुणी चाऱ्याला, कुणी शेजाऱ्याच्या नजरेला.

संस्थेनं यंत्र आणलं ते तेव्हा. त्याचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. लोक त्याला आरसा म्हणू लागले. पाटीएवढा पडदा आणि खाली दोन खळगे. एका खळग्यात मेंढ्याचं थेंबभर रक्त, दुसऱ्यात मेंढीचं. तो आरसा गावोगाव फिरवायचं काम मायाक्काला मिळालं होतं.

आरशाचं शास्त्र समजायला अवघड नाही. शरीर घडवायच्या सूचना प्रत्येक जिवाच्या पेशीत जोडीजोडीनं असतात. जोडीतली एक आईकडून येते, एक बापाकडून. हीच जनुकं. त्यातली काही बिघडलेली असतातच. मेंढरांत असतात, माणसांत असतात, तुमच्याआमच्यात असतात. पण जोडीतली दुसरी सूचना धड असली की बहुतेकदा भागून जातं, बिघाड दबून राहतो, त्याचा पत्ताही लागत नाही. परक्या घरच्या दोघांची गाठ पडली तर दोघांकडं नेमका एकच बिघाड असायचा संभव थोडा. नात्यातल्या दोघांना मात्र तो एकाच पूर्वजाकडून मिळालेला असू शकतो. मग पिलाच्या वाट्याला कधी दोन्ही सूचना बिघडलेल्याच येतात, आणि इतके दिवस दबलेलं वर येतं. एखादे वेळी नात्यात गाठ पडली म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. पण पिढीमागून पिढी तेच होत गेलं, की जबडे आखूड होतात, मेंढ्या गाभण राहत नाहीत, साध्या सर्दीनं कळपच्या कळप आडवा होतो.

आरसा दोन थेंबांमधलं हे नातं मोजायचा. तेवढ्यावर थांबता तर लोकांनी त्याला भीक घातली नसती. पण तो त्या दोघांच्या जनुकांची हजारो वेळा सरमिसळ करून बघायचा, आणि त्यांना होईल असं जे कोकरू सगळ्यात संभवतं, ते पडद्यावर उभं करायचा. अजून न जन्मलेलं कोकरू पडद्यातून माणसाकडं बघायचं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून मागं सरायच्या.

मायाक्का सगळ्यांना तेच सांगायची. एकाच मेंढ्याच्या मागं लागू नका. कळपाला दोन-तीन वेगवेगळे नर ठेवा, कुठल्या कोकराचे आईबाप कोण याची खूण कानाला अडकवा, दोन वर्षांनी नर बदला आणि बदलताना खरोखरच परका आणा. नाक सोडा, कोकराची वाढ बघा, मेंढीचं दूध बघा, चाल बघा. लोक माना डोलवायचे. शेवटचं ऐकलं की डोलायच्या थांबायच्या. ज्या नरांत बिघाड आहे त्यांना चिमटा लावून खच्ची करा, म्हणजे त्यांची वेल पुढं जायची नाही.

शेजारच्या गावात धानाप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं तिला दारातच अडवलं.

"पोरी, ही सगळी राघूची पिलावळ न्हवं? मग आदी तुज्या बाच्या राघूला चिमटा लाव. मग आमच्या दारात ये."

ती तशीच घरी आली.

बिराप्पा वाघर ताणत होता. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या आत राघू मधोमध बसलेला. मायाक्कानं आरसा बाजेवर ठेवला आणि म्हणाली, "आबा, राघूचं थेंबभर रगात द्या."

"माझं घे पायजे तर."

"आबा, थट्टा नगं."

"थट्टा कुठली? आमच्या कळपात बाप-लेकीची गाठ कधी पडली न्हाई. भाऊ-भैनीची न्हाई. माज्या बानं पाळलं, म्या पाळलं. दोन-तीन सालं झाली की नर बदलायचा, आन त्यो बी भाईरचा आणायचा. तुजा आरसा आत्ता आला गं. आमी ह्ये कवाच शिकलोय."

"भाईरचा म्हंजे कुठला?"

"सोनकट्टीचा. कोंडाकडचा. त्याच्या आदी मामाच्या गावचा."

"तिथलाच का?"

"मग काय कुनाच्या बी दारातनं वढून आनू? जात चोख नगं? आपल्या मान्साचा भरवसा असतोय."

"आणि आत्तीकडं मेंढरं कुठनं आली, आबा?"

बिराप्पानं वाघरीची दोरी हातातून सोडून दिली.

आंदणातनं आली होती. लेक सासरी जाताना तिच्यासोबत घरची मेंढी द्यायची, पायाशी कोकरू असलेली. ही त्यांच्यातली जुनी चाल. कोंडा सोनकट्टीला गेली तेव्हा याच वाघरीतली मेंढी गेली. त्याआधी बिराप्पाची आत्या गेली तेव्हा तिच्यासोबत गेली. हौसा माहेरून आली ती मेंढी घेऊनच आली, आणि तिच्या माहेरी तो वाण पोचला होता बिराप्पाच्या आजीच्या आंदणात. लेकी जिथं गेल्या तिथं मेंढ्या गेल्या. आणि परका नर हवा म्हणून बाप आणि आजा मोठ्या विश्वासानं गेले ते लेकींच्याच दारी. कोसच्या कोस चालून गेले आणि आपल्याच घरचं रक्त हार घालून परत घेऊन आले.

बिराप्पानं राघूचा कान धरला आणि थेंब काढू दिला. दुसरा थेंब गंगीचा. गंगी ही दोन वर्षांची मेंढी, सोनकट्टीहून आणलेल्या नराची. मायाक्काच्या लग्नात आंदण द्यायला म्हणून तिला वेगळी चारून वाढवली होती. कागदोपत्री राघूचं आणि तिचं काही नातं नव्हतं.

आरशानं आकडा दाखवला: चारात एक. सख्ख्या बहीण-भावाच्या पिलाचा असतो तेवढा.

मग पडदा उजळला आणि कोकरू उभं राहिलं. पांढरं, पाठीवर तांबडा पट्टा, कपाळावर भोवरा. नाक तर असं, की राघूनं मान खाली घालावी. बिराप्पाच्या तोंडून "आगं बाय" निघून गेलं. मायाक्कानं बोटानं पडदा वळवला. बाजूनं बघितल्यावर दिसलं, खालचा जबडा नाकाखाली कुठंच पोचत नव्हता.

"खोटं हाय ह्ये," बिराप्पा म्हणाला. "काच काय बी दावती."

मायाक्का भांडली नाही. तिनं दोन्ही खळगे पुसले आणि बराच वेळ आपल्या बोटाच्या टोकाकडं बघत बसली. बिराप्पाला वाटलं, पोरगी चिडली.

पुढच्या आठवड्यात तिनं आरशात बघून एक नर आणला. कुठल्या कुठं, घाटाखालच्या अनोळखी माणसांकडून. नाक सरळ, दिसायला रोडका. आल्या दिवसापासून बिराप्पानं त्याला नाव ठेवलं नाही. "त्यो" म्हणायचा. मायाक्का म्हणाली, "गंगीला त्याच्याकडं सोडा. आंदण पायाशी कोकरू घेऊन गेलं पायजे ना?" तो हो म्हणाला.

आणि ती फिरतीवर गेल्यावर त्यानं गंगीला राघूकडं सोडलं.

त्याला पोरीशी दगाबाजी करायची नव्हती. त्याला आरसा खोटा पाडायचा होता. आपण सगळं रीतसर केलं, बापानं केलं, आज्यानं केलं, ते सगळं चुकीचं निघावं हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. शिवाय ते कपाळावर भोवरा असलेलं कोकरू त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. हौसाच्या राघूचं इतकं देखणं पिलू लेकीच्या पायाशी सासरी जाईल, आरसेवाले बघत राहतील, राघूचा चिमटा टळेल. या आशेवर त्यानं पाच महिने काढले. गंगीला तो हातानं भिजवलेली डाळ चारायचा आणि तिच्या पोटाला कान लावायचा.

गंगी व्याली ती ऐन सकाळी, मेंढरं माळावर निघायच्या वेळी. बिराप्पानं कोकरू पुसून काढलं. पांढरं अंग. पाठीवर तांबडा पट्टा. कपाळावर भोवरा. पडद्यावरचंच कोकरू उचलून कुणी गवतात ठेवलं होतं. त्यानं त्याच्या हनुवटीखाली बोट नेलं, आणि बोट नुसतं मऊ ओठात जाऊन अडकलं. जबडा पुढं नव्हताच.

कोकरू मात्र खुशीत होतं. शेपूट हलवत ते आईच्या सडाला भिडलं, ओढायला लागलं, आणि दूध त्याच्या गळ्यावरून खाली गेलं. त्यानं पुन्हा तोंड लावलं. गंगी मान वळवून त्याला चाटत होती. पोटात काही जात नाही हे तिला कुठलं कळायला.

बिराप्पानं माळ्यावरून बाटली काढली. तीच, हौसानं राघूला पाजलेली.

मायाक्का चार दिवसांनी परतली, तेव्हा बाप छपरात मांडी घालून बसला होता. मांडीवर कोकरू, हातात बाटली. तिनं कोकराकडं एकदा बघितलं आणि तिला सगळं समजलं. पडदा तिनंच तर वळवला होता.

"आबा, ह्ये काय केलंत?"

"पितंय बघ," बिराप्पा म्हणाला. "थोडं थोडं पितंय. राघूबी आसाच प्यायचा."

तिनं पिशवी टाकली आणि शेजारी बसली. आता भांडून काय उपयोग होता? तिनं कोकराचं डोकं कसं उंच धरायचं ते दाखवलं, नळीनं थेट पोटात दूध कसं सोडायचं ते शिकवलं. दोघं बाप-लेक आळीपाळीनं त्याला जगवत राहिली. हणमंता यायचा तेव्हा तोही पाजायचा. कोकराला माणसांची इतकी सवय झाली, की बिराप्पाच्या धोतराचा सोगा चोखत ते मागं मागं फिरायचं. महिना होत आला तसं ते इतरांबरोबर माळावर जायला लागलं. गवतात तोंड घालायचं, जोरात मान हलवायचं, आणि वर बघायचं तेव्हा तोंडात काही नसायचं. बाकीची कोकरं मात्र चरायची. त्यातलं एक "त्याचं" होतं, सरळ नाकाचं, ओबडधोबड. आईच्या कासेला असे हिसडे मारायचं की ती मागून उचलली जायची. बिराप्पा त्याच्याकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी असायचं.

मग कधीतरी दूध श्वासनळीत गेलं. कोकराला ठसका लागला, रात्रीत ताप भरला. मायाक्कानं सुया दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बिराप्पाच्या मांडीवर त्याची घरघर थांबली. भोवऱ्यावर हात ठेवून तो नुसता बसून राहिला. बाहेर गंगी ओरडत होती.

बोरीच्या झाडाखाली खड्डा घेतला तो त्यानंच. माती लोटून झाल्यावर तो तिथंच टेकला.

"माया, माजी दोन लेकरं गेली, ती बी अशीच का गं?"

मायाक्का त्याच्याशेजारी मातीत बसली.

"दुसऱ्याला हौसा उभं कराया बघायची. भिताडाला टेकवून ठेवायची. सगळी म्हनायची, तिच्यातच खोट हाय. माजी आई म्हनायची. आन म्या ऐकून घ्यायचो." त्यानं हाताची माती झटकली. "ती माज्या मामाची लेक. तिची आई बी आमच्यातलीच. मेंढरावानीच झालं की सगळं."

"नक्की कसं सांगू, आबा? त्यांचं रगात कुणी बघितलं न्हाई. असंल. आईची खोट नव्हती एवढं खरं."

ते ऐकून साठीतला तो माणूस ढसाढसा रडला. मायाक्कानं त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि विचारू नये ते विचारलं.

"तुजं आन हणमंताचं बघितलंस का?"

"बघितलं."

"कवा?"

"राघूचं बघितलं त्याच दिवशी ठरवलं. आधी आरशातच घातले दोन थेंब. आरसा म्हणाला, ही मेंढी नाही." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मग आम्ही दोघं सांगलीला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. नुसती आत्ते-मामे भावंडं असती तर त्या एवढ्या बोलल्या नसत्या. धोका थोडा वाढतो, तपासण्या करता येतात, म्हणाल्या. पण आपल्यात दर पिढीला त्याच दोन-तीन घरांत मुली दिल्यात. आज्जी, आई, आत्ती. आमचा आकडा फार वर गेलाय. जनुकांच्या इतक्या जोड्या सारख्या आहेत, की कुठली निवडून बाजूला काढायची तेच त्यांना सांगता येईना. मूल चांगलंही होईल म्हणाल्या. आईची दोन गेली तसंही होईल."

"मग मोडू आपन लगीन. म्या सांगतो कोंडीला. तोडलं तर तोडू दे मला."

"मोडायचं न्हाई, आबा. मला त्योच पायजे. त्याला बी मीच पायजे." तिनं बोरीच्या खालच्या ओल्या मातीकडं बघितलं. "आम्ही ठरवलंय. लगीन करायचं. मूल होऊ द्यायचं न्हाई. पुढं वाटलं तर कुणाचं तरी आणू. आत्तीला हणमंता सांगणार हाय."

मेंढ्याची वेल खुंटू नये म्हणून बिराप्पानं एवढा उपद्व्याप केला होता. आणि त्याची एकुलती एक लेक सहा महिने हे पोटात ठेवून हिंडत होती, त्याच्यासाठी चहा करत होती, त्याचं कोकरू जगवत होती.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी राघूचं बी ऐकून घेत नव्हता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पानं स्वतः राघूला धुतलं. मग मान मांडीवर घेऊन त्याचे कान धरले आणि लेकीला म्हणाला, "लाव चिमटा." मायाक्कानं भूल दिली, काम झटक्यात उरकलं. राघू जरा वेळानं उठला आणि पुढ्यात चारा येण्याची वाट बघत बसला. धानाप्पाला बातमी पोचली. आठवड्याभरात तो आपले तीन नर चिमट्यासाठी घेऊन आला.

लग्न जवळ आलं तेव्हा बिराप्पानं आंदणाचा विषय काढला. गंगी "त्याच्याकडं" गेली होती, गाभण होती. दुसरी एखादी कोकरूवाली मेंढी देऊ, तो म्हणाला.

"मेंढी नगं, आबा," मायाक्का म्हणाली. "पायाशी कोकरू नगं. मला राघू द्या."

"खच्ची मेंढा? आंदणात? लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. आईनं वाढवलाय त्यो."

लग्न माळावरच झालं. जेवणं उरकली, ऊन कलायला लागलं, आणि पाठवणीची वेळ झाली. आंदणाला निरोप द्यायची त्यांच्यात एक रीत आहे. सासूनं पुढं यायचं, मेंढीच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "वाघर भरू दे." ते मेंढीला म्हणायचं असतं आणि सुनेलाही. सगळ्या बायका मग तेच म्हणतात.

कोंडाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. हणमंतानं तिला सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं, आणि पोरं आज म्हणतात, उद्या विसरतील असं मनाशी धरून ती नटूनथटून लग्नाला आली होती. तिची स्वतःची तीन गेली होती, तरी चौथा हणमंता जगलाच की. समोर झूल घालून बसलेला राघू बघितल्यावर तिचा चेहरा फुलला.

"दादा! राघू देतूयास? आरं, आख्ख्या मुलखानं मागितला, तवा दिला न्हाईस!"

"कोंडे," बिराप्पा हळूच म्हणाला, "त्यो खच्ची हाय."

तिनं भावाकडं बघितलं. मग मायाक्काकडं, मग आपल्या पोराकडं. दोघं शेजारी शेजारी उभी होती आणि दोघांनीही मान खाली घातली नाही. कोंडाबाईनं चिमटीत भंडारा घेतला, राघूच्या कपाळाशी हात नेला. "वाघर..." ती म्हणाली आणि थांबली. बायका वाट बघत होत्या. पिवळा हात त्या बाकदार नाकावरून सावकाश खाली आला.

"ऱ्हा बाबा," ती म्हणाली. "खाऊन पिऊन सुखानं ऱ्हा आमच्यात." आणि तिनं उरलेला भंडारा सुनेच्या कपाळाला लावला, तिला पोटाशी धरलं आणि हुंदका दिला. बायकांना काय म्हणावं ते कळेना.

हणमंतानं टेंपोची फळी पाडली. मायाक्का चढून बसली. राघू मात्र जागचा हलला नाही. हणमंतानं दोरी ओढली, धानाप्पानं मागून ढकललं, कुणी मूठभर हरभरे दाखवले. राघू बसून राहिला. नावानं हाक मारल्याशिवाय तो उठत नव्हता, आणि ज्याच्या हाकेनं तो उठायचा तो माणूस जाळीच्या खांबाला धरून पलीकडं तोंड करून उभा होता.

"आबा," टेंपोतून मायाक्का म्हणाली, "तुमीच बोलवा."

बिराप्पा वळला. त्यानं लेकीकडं बघितलं, हळदीनं माखलेल्या त्या नाकाकडं बघितलं.

"राघू," तो म्हणाला. "ऊठ लेकरा. जा."

राघू उठला, अंग झटकलं, फळीवरून वर चढला आणि मायाक्काच्या पायाशी जाऊन बसला. हणमंतानं फळी लावली.